दहा गुणांची रीत

मैत्रीच्या नोकरीचं वाडीत पार हसं झालं होतं. नोकरी कशी असावी? सकाळी डबा घेऊन बाहेर पडावं, संध्याकाळी दमून यावं, चार माणसांना दिसावं. मैत्री कुठे बाहेर पडतच नसे. तळा गावापासून चार किलोमीटरवरच्या त्या बौद्धवाडीत, घराच्या माळ्यावर, जिथे मोबाइलची रेंज जरा बरी मिळते तिथे ती दिवसभर लॅपटॉप उघडून बसायची आणि अमेरिकेतले धिप्पाड गडी डोक्याला टोप घालून एकमेकांवर आदळताना बघायची.

"टकरी बघायचा पगार देतात व्हय?" शेजारच्या हिरामणकाकांनी पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं होतं. "मग आमचे रेडे काय वाईट होते?"

काकांचं काय चुकलं म्हणा. मैत्रीलाही पहिले आठ दिवस त्या खेळाचा अर्थ लागला नव्हता. पण पुण्याच्या ज्या कंपनीसाठी ती काम करायची, तिथल्या राही मॅडमनी हळूहळू तिला तयार केलं. अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात दीडशेच्या आसपास वेळा चेंडू खेळात येतो. प्रत्येक वेळी कोण पळालं, किती यार्ड पुढे गेलं, कुणी अडवलं, हे सगळं मैत्रीने नोंदवायचं. त्या नोंदींवरून पुढे कंपनी सांगायची, की कुठला संघ खरोखर चांगला आहे आणि कुठला नुसता नशिबावर जिंकतोय.

"जिंकलं-हरलं याला फार भाव देऊ नकोस," राही मॅडम सांगायच्या. "कुणाला हरवलं आणि किती फरकाने हरवलं, ते बघ. दोन गुणांनी जिंकणं हे नशीब असू शकतं. तीस गुणांनी जिंकणं नशीब नसतं."

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली होती. सामना एकतर्फी झाला की पुढे गेलेला संघ आपले चांगले गडी बाहेर बसवतो. त्यानंतर जो काही खेळ होतो त्याला तिकडे गार्बेज टाइम म्हणतात, म्हणजे कचऱ्याचा वेळ. तो हिशेबात धरायचा नाही. मैत्री तिथे मुकाट्याने एक खूण करायची आणि पुढे जायची. दोन वर्षांत अशा हजारो खुणा तिने केल्या असतील.

आता अमेरिकेतल्या गड्यांचं हे शास्त्र रायगडातल्या कबड्डीला लावायची अक्कल कुणाला सुचली? तर श्रीवर्धनच्या बदरुद्दीनचाचांना. सुपारीचा व्यापार करणारा हा सत्तरीचा माणूस दर जानेवारीत मुलींच्या कबड्डीची मोठी स्पर्धा भरवायचा. संघ घ्यायचे आठ, आणि अर्ज यायचे वीस-बावीस. दरवर्षी यादी लागली की चाचांच्या नावाने शिमगा. याच्या भाच्याचा संघ घेतला, त्याच्या मेव्हण्याचा गाळला. चाचा वैतागून गेले होते. त्यातून यंदाची गोष्ट वेगळी होती. दोन सरकारी खात्यांचे निवडकर्ते स्पर्धेला येणार होते, खेळाडूंच्या कोट्यातून भरतीसाठी मुली बघायला. यंदा गाळलेल्यांनी चाचांना जिवंत सोडलं नसतं.

"बेटा, तूच यादी कर," ते फोनवर म्हणाले. "साऱ्या संघांच्या गुणपत्रिका तुला पाठवतो. आकड्याला ना भाचा असतो, ना मेव्हणा."

मैत्रीला कोण आनंद झाला! दोन वर्षं रेड्यांच्या टकरींचे टोमणे खाल्ले होते. आता कळेल म्हणावं सगळ्यांना. बावीस संघ, मोसमातले एकशे चाळीस सामने. चाचांनी प्रत्येक गुणपत्रिकेचा फोटो काढून पाठवला. मैत्रीने तीन रविवार खर्चून एकेका सामन्याचे शेवटचे गुण भरले, कुणी कुणाला किती फरकाने हरवलं याचं गणित मांडलं आणि यादी काढली.

यादीत सम्यक क्रीडा मंडळ नवव्या नंबरावर आलं.

सम्यक म्हणजे तिच्याच वाडीचा संघ. तिच्या सख्ख्या आत्याचा, जयमालाचा. जयमालाआत्या अंगणवाडीत सेविका. लग्न केलं नाही, पोरींना कबड्डी शिकवण्यात वीस वर्षं घातली. तिच्या संघाने यंदा पंधरातले तेरा सामने जिंकले होते. पण कसे? सहा गुणांनी, चार गुणांनी, फार तर नऊ गुणांनी. राही मॅडमच्या भाषेत सांगायचं तर नशीब जोरावर. उलट आठव्या नंबरावर श्रीवर्धनच्या कोळीवाड्याचा संघ होता. ते सहा सामने हरले होते, पण जे जिंकले ते वीस-वीस गुणांनी.

मैत्रीने गणित तीनदा तपासलं. एकदा वाटलं, एखादा आकडा इकडचा तिकडे केला तर कोण बघतंय? मग स्वतःचीच लाज वाटली. तिने यादी होती तशी पाठवून दिली, आणि चाचांनी दुसऱ्या दिवशी ती जाहीर केली.

वा, काय कौतुक झालं! सख्ख्या आत्याला घरी बसवलं पोरीने, आकडा म्हणजे आकडा. माणगावच्या एका मंडळाने तर तिच्या सत्काराची भाषा काढली. घरात आत्या भाकरी थापत होती, तिने यादी मोबाइलवर नीट वाचली आणि फोन परत दिला.

"आकडे बरोबर असतील तर बरोबर," ती म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

प्राप्ती मात्र संध्याकाळी माळ्यावर चढून आली. प्राप्ती सम्यकची मुख्य चढाईपटू. पाच फूट नऊ इंच उंच, अंगाने शिडशिडीत, आणि चढाईला गेली की समोरच्या पोरींना दिसायच्या आत हात लावून परत. येत्या मार्चमध्ये तिला पंचवीस पूर्ण होत होती आणि भरतीची अट होती पंचवीसच्या आतली. म्हणजे निवडकर्त्यांच्या डोळ्यासमोर खेळायची तिची ही पहिली संधी आणि शेवटचीही.

"ताई," ती दारातच उभी राहून म्हणाली, "आकडे चुकत न्हायत ना?"

"नाही गं," मैत्री म्हणाली.

"मग आमीच कमी पडलो असू." एवढं बोलून ती खाली उतरली. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मैत्रीला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी दुपारी वाडीच्या मैदानावर माणगावकडचा एक संघ मैत्रीपूर्ण सामन्याला आला. हा सामना आधीच ठरला होता, म्हणून झाला. मैत्री बऱ्याच दिवसांनी सामना बघायला गेली. शिक्षणासाठी पाच वर्षं पुण्यात, आणि परत आल्यापासून माळ्यावर. मैदानाकडे पाय वळतच नव्हते. खरं सांगायचं तर त्या दिवशीही ती प्राप्तीची नजर चुकवत मागे, चिंचेखाली उभी राहिली.

आणि प्राप्तीने काय खेळ केला! पहिल्या दहा मिनिटांत पाहुण्यांवर लोण चढला, सगळा संघ बाद. मध्यंतराला गुण होते अठरा-सहा. पाहुण्या पोरी पाणी प्यायचंही विसरल्या होत्या. मैत्रीच्या मनात आलं, आता हा सामना चाळीस-पंधरावर जाणार.

तेवढ्यात जयमालाआत्याने प्राप्तीला हाताने बसायची खूण केली. तिच्या जागी हेमांगी उभी राहिली, दहावीतली, पहिल्यांदाच अंगावर संघाचा बनियन घातलेली. डाव्या कोपऱ्यातली पक्की पकड करणारी पोरगीही बाहेर आली. दुसरा डाव कसाबसा चालला, हेमांगी तीनदा पकडली गेली, पाहुण्या पोरींच्या तोंडावर हसू आलं. सामना संपला तेव्हा गुण होते पंचवीस-एकोणीस. सम्यक सहा गुणांनी विजयी.

सहा गुणांनी.

मैत्री तशीच घराकडे धावली, माळ्यावर चढली आणि सम्यकच्या गुणपत्रिकांचे फोटो एकेक करून उघडले. प्रत्येक पत्रिकेवर शेवटच्या गुणांच्या वर, लहान अक्षरांत, मध्यंतराचे गुण लिहिलेले होते. तिने ते भरलेच नव्हते. कशाला भरायचे, शेवटचा आकडा असताना? मध्यंतराला सम्यक बारा गुणांनी पुढे, शेवटी पाच. मध्यंतराला चौदाने पुढे, शेवटी आठ. तेरा जिंकलेल्या सामन्यांपैकी अकरांत सम्यकने दुसऱ्या डावात मार खाल्ला होता! आणि जे दोन सामने हरले, ते जिल्ह्यातल्या सगळ्यात तगड्या दोन संघांशी, तेही दोन-तीन गुणांनी. तिथे काही कुणी बाहेर बसलेलं दिसत नव्हतं.

गार्बेज टाइम. अमेरिकेतल्या गड्यांसाठी जी खूण ती झोपेतही केली असती, ती स्वतःच्या वाडीसाठी करायला विसरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! लहानपणापासून तिने आत्याला हे करताना बघितलं होतं. तिला वाटायचं, आत्या नवीन पोरींना संधी देते.

आत्या मागच्या पडवीत पाहुण्यांचे चहाचे कप विसळत होती. मैत्री तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू प्राप्तीला बाहेर का काढलंस?"

"दहाच्या वर गेलो होतो ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रीत हाय ती आपली. दहाच्या वर गेलं की पुढचा गडी बसवायचा." आत्याने कप पालथा घातला. "पाव्हण्या पोरी लांबून आलेल्या. त्यांना काय नागडं करून घरी पाठवायचं? उद्या आपल्याला त्यांच्या दारात जायचंय, त्यांच्या हातचं पाणी प्यायचंय."

"आणि प्राप्ती?" मैत्रीचा आवाज चढला. "तिचं काय? तुझ्या या रितीपायी तिची जागा गेली, आत्या! तुम्ही वरच्या नंबरावर असायला हव्या होतात, कळतंय का तुला? मी तुम्हाला नवव्या नंबरावर टाकलं!"

आत्याने विसळायचं थांबवलं. ती ओल्या हातांनी तशीच पायरीवर बसली.

"ही रीत तुझ्या आजोबांची," ती म्हणाली. "बाबांचा संघ तेव्हा गावोगाव जत्रेला खेळायला जायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. एका गावात आपल्या वाडीच्या पोरांनी तिथल्या गावकीच्या संघाला तीस गुणांनी हरवलं. त्यांच्या देवळासमोर, त्यांच्या बायकापोरांसमोर. आपली पोरं चालत परतत होती, तर खिंडीत वरून दगड आले. भिवाकाकाचा गुडघा फुटला, तो परत कधी खेळला न्हाय. त्या दिवसापासून बाबांनी सांगितलं, जिंकायचं, पण घरी चालत येता येईल एवढंच जिंकायचं. दहाच्या वर न्हाय."

मैत्री खाली बसली. आजोबा, म्हणजे बाळारामबाबा, तिला आठवत होते ते शांत, पांढऱ्या टोपीतले, सगळ्यांना हात जोडून जयभीम करणारे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता कोण दगड मारतंय, आत्या?"

"आता न्हाय मारत. पण सवय लागली ती लागली. भ्याड म्हण हवं तर. पुढे पुढे मलाच ते बरं वाटायला लागलं, समोरच्याच्या पदरात काही ठेवावं." तिने पदराला हात पुसले. "मला पण बसवायचे बाबा. माणगावला जिल्ह्याची निवड होती, मी एकोणीस वर्षांची. मध्यंतराला आमी चौदाने पुढे, बाबांनी मला बाहेर घेतलं. नंतर निवडसमितीतल्या बाईंनी विचारलं, ती उंच मुलगी दुसऱ्या डावात कुठे गेली? दम संपला का तिचा?"

"मग बाबांनी काय सांगितलं?"

"काय सांगणार? माझं नाव लागलं न्हाय, तसेच घरी आलो." आत्या उठली आणि राहिलेले कप विसळायला लागली.

मैत्रीला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा राग, ते तिचं तिलाच कळेना. दगड मारणाऱ्यांचा, बाबांचा, की एकशे चाळीस फोटो उघडूनही वरची ओळ न वाचणाऱ्या स्वतःचा. पण एक गोष्ट स्पष्ट होती. चूक तिची होती आणि ती तिलाच निस्तरायला हवी होती.

पुढच्या दोन दिवसांत तिने सगळ्या एकशे चाळीस पत्रिका पुन्हा भरल्या. सगळ्या संघांचे फक्त मध्यंतरापर्यंतचे गुण, सगळ्यांना एकच नियम. सम्यक नवव्यावरून दुसऱ्या नंबरावर गेलं. बाकीचे थोडे वर-खाली झाले, पण आठांतून बाहेर पडला एकच संघ, श्रीवर्धनच्या कोळीवाड्याचा.

स्पर्धा गुरुवारी दुपारी सुरू होणार होती. बुधवारी सकाळची एसटी पकडून ती श्रीवर्धनला गेली. बदरुद्दीनचाचा वखारीत सुपाऱ्यांची प्रतवारी करत बसले होते. तिने लॅपटॉप उघडला, सगळं समजावून सांगितलं, चूक कबूल केली. चाचांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बेटा, तू खरं बोलतेयस हे मला कळतंय," ते म्हणाले. "पण यादी जाहीर झाली. मी जबान दिलीय. आणि काढायचं कुणाला, तर माझ्याच गावच्या पोरींना? आणि घ्यायचं कुणाला, तर गणित करणारीच्या आत्याला? लोक काय म्हणतील, सांग?"

"म्हणतील, आत्यासाठी आकडे फिरवले."

"तेच म्हणतील. गेल्या आठवड्यात तुझा सत्कार करणार होते ना, तेच आधी म्हणतील."

"म्हणू देत," मैत्री म्हणाली. "चाचा, मला यादी बदलून नको. दोन्ही संघांना एकदा समोरासमोर खेळू द्या. जो जिंकेल तो आठवा."

चाचांनी थोडा विचार केला आणि कोळीवाड्याच्या नीराबाईंना बोलावणं धाडलं. नीराबाई सकाळी मासळी विकायच्या आणि संध्याकाळी वाळूवर पोरींना कबड्डी शिकवायच्या. बाजार उरकून त्या तशाच आल्या, रिकामी पाटी दारात ठेवली आणि उंबऱ्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. मैत्रीला वाटलं, आता ही बाई आपल्याला उभी सोलणार.

"म्हंजे आमची जागा चुकून आमाला मिळाली, असं तुजं गणित सांगतंय?" नीराबाईंनी विचारलं.

"हो, मावशी."

"आन् तू जयमालेची भाची."

"तिच्या भावाची मुलगी. हो."

नीराबाई खो-खो हसल्या. "धीटच हायस गं पोरी! चाचा, लावा सामना. चुकून ताटात पडलेलं आमाला पण नको. उद्या सकाळी आठाला, स्पर्धेच्या आधी."

रात्रीपर्यंत सगळ्या मोबाइलवर तेच चाललं होतं. भाचीने आत्यासाठी दार उघडून घेतलं. अमेरिकेचं नाव सांगून चाचांना गंडवलं. ज्याने सत्काराची भाषा काढली होती त्याने एक हसणारा चेहरा टाकला. उचलली जीभ लावली टाळ्याला! मैत्रीने फोन बंद करून टाकला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता समुद्राकडून गार वारा येत होता. मैदानाभोवती कोळीवाड्यातली दोन-तीनशे माणसं गोळा झाली होती, सगळी यजमानांची. सम्यकच्या बाजूने टेम्पोतून आलेल्या पोरी, हिरामणकाका आणि दोन-चार बायका. निवडकर्ते दुपारच्या उद्घाटनासाठी आदल्या दिवशीच आले होते. सकाळीच शिट्टी ऐकून ते दोघे, एक बाई आणि एक गृहस्थ, चहाचे पेले हातात घेऊन कडेच्या खुर्च्यांवर येऊन बसले. चाचांनी मैत्रीला गुणलेखकाच्या टेबलापासून लांब बसायला सांगितलं होतं, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. ती सम्यकच्या बाकामागे जमिनीवर बसली.

प्राप्ती पहिल्याच चढाईत दोघींना बाद करून परतली. पुढच्या चढाईत बोनसचा गुण आणि एक गडी. कोळीवाड्याच्या पोरी दमदार होत्या, पण वयाने लहान, सतरा-अठराच्या. प्राप्ती कुठून आली आणि कुठे गेली हे त्यांना कळत नव्हतं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा गुण होते एकवीस-आठ. निवडकर्त्या बाईंनी पेला खाली ठेवून कागदावर काहीतरी लिहिलं.

तेरा गुणांनी पुढे. म्हणजे दहाच्या वर.

जयमालाआत्या बाकाकडे वळली. तिचा चेहरा ओढलेला होता. तिने प्राप्तीकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, समोरच्या बाजूला पाणी पिणाऱ्या, मान खाली घातलेल्या पोरींकडे बघितलं. आणि मग वीस वर्षं जे केलं तेच तिच्या हाताने आपोआप केलं. हात हेमांगीच्या खांद्यावर गेला.

"ऊठ," ती म्हणाली.

"आत्या, नको!" मैत्री ओरडली. "आज तरी नको गं!"

"त्यांच्या दारात उभ्या हाव आपण, मैत्री. त्यांची माणसं बसलीत समोर," आत्या हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला न्हाय जमत."

प्राप्तीने गुडघ्याची पट्टी सोडायला घेतली. हेमांगी अर्धवट उठून तिथेच अवघडून उभी राहिली.

"ए जयमाला!"

आवाज मैदानापलीकडून आला. नीराबाई कमरेला पदर खोचून मध्यरेषेपर्यंत आल्या होत्या. पंच त्यांना मागे जायला सांगत होता, त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"ती उंच पोरगी का बसतेय?"

आत्याने हेमांगीकडे बोट दाखवलं. "नवीन पोरींना पण जरा खेळू दे म्हटलं..."

"मला शिकवू नको," नीराबाई म्हणाल्या. "दहा वर्षं तुज्याशी खेळते मी. दर टायमाला माज्या पोरी दहाने मागं पडल्या की तुजी चांगली पोरगी बाहेर. मला काय डोळे न्हायत? तू आमची लाज राखायचीस आन् मी गप राखून घ्यायची. घरी जाऊन पोरींना सांगायची, बगा, थोडक्यात हरलो. मला ठाऊक होतं गं सारं. म्हनून तर कालच्याला लगेच हो बोलले."

कोळीवाड्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्या कडेला उभे असलेले बदरुद्दीनचाचा काठी टेकत दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

"पाव्हण्यांना राखायचं, हीच ना तुजी रीत?" नीराबाईंनी विचारलं.

"व्हय."

"मग अंगण माजं हाय. आज पाव्हणी तू हायस. आज मी राखते." त्या प्राप्तीकडे वळल्या. "पोरी, बांद ती पट्टी. माज्या पोरींना अजून सात-आठ वर्षं हायत, तुला न्हायत. खेळ. आन् हात आखडलास तर माज्याशी गाठ हाय!"

आत्याने तोंडाला पदर लावला. तिचा हात हेमांगीच्या खांद्यावरून निघाला. प्राप्तीने पट्टी पुन्हा बांधली, घट्ट, दोन फेरे जास्त देऊन, आणि मैदानात उतरली.

दुसरा डाव मैत्रीला नीट आठवत नाही, कारण निम्मा वेळ ती रडत होती. एवढं आठवतं, की चौथ्या मिनिटाला लोण चढला तेव्हा पहिली टाळी कोळीवाड्याच्याच एका म्हाताऱ्याने वाजवली. मग सगळेच वाजवायला लागले. त्यांच्याच पोरी बाद होत होत्या आणि ते प्राप्तीच्या प्रत्येक चढाईला ओरडत होते. हिरामणकाका तर इतके नाचले, की त्यांची चप्पल तुटली. शेवटच्या मिनिटाला प्राप्तीने तिघींना एकदम बाद केलं आणि मध्यरेषेवर उताणी पडून हसत राहिली. वीस वर्षांत सम्यकचा कुठलाही चढाईपटू एवढं पुढे असताना शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळलेला नव्हता.

निवडकर्त्या बाई उठून आल्या आणि त्यांनी प्राप्तीला नाव विचारलं. मग जन्मतारीख विचारली. तारीख ऐकून त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, "अजून दोन महिने आहेत. दुपारचे सामने झाले की हिची कागदपत्रं बघून घ्या."

नीराबाई आपल्या पोरींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यातली एक हमसून रडत होती, तिला त्या म्हणाल्या, "रडतेस काय? आता कळलं ना किती मेहनत करायचीय ते? आजवर तुमाला खरं कुणी सांगितलंच न्हवतं."

जयमालाआत्या बाकावर एकटीच बसली होती. हात मांडीवर, नजर रिकाम्या मैदानावर. मैत्री तिच्याजवळ जाऊन बसली. गुणफलकाकडे आत्याची पाठ होती. सवयीने ती शेवटचे गुण कधी बघतच नसे, चांगली पोरगी बसवली की फरक दहाच्या आत राहणार हे तिला ठाऊक असायचं.

"किती झाले गं?" तिने विचारलं.

"सत्तेचाळीस-सोळा."

"म्हंजे कितीने?"

"एकतीसने, आत्या."

आत्याने मैत्रीचा हात घट्ट धरला आणि एकोणीस वर्षांच्या पोरीसारखी तिच्याकडे बघत म्हणाली,

"एवढ्या चांगल्या होतो का गं आपण?"